गिटार वाजवणाऱ्याचे नाव काय?

आवडत्या गाण्यांचा विषय निघाला की आपल्यात लगेच तट पडतात. कोणी रफींचा, कोणी किशोरकुमारांचा. कोणी लताबाईंचा, कोणी आशाबाईंचा. वाद रंगतो आणि ‘आवड ज्याची त्याची’ या वाक्याने मिटतो. आवड ज्याची त्याची, हे मान्य. परंतु ज्या गाण्यावर आपण मत देतो ते कोणाकोणाच्या हातून घडले, ही आवडीची नव्हे, माहितीची बाब आहे. नेमकी तीच आपल्यापाशी नसते.

माझे मत सांगून टाकतो. मला भूपिंदर सिंग आवडतात, आणि गायक भूपिंदरपेक्षा गिटारवादक भूपिंदर काकणभर अधिक. मदनमोहन यांनी १९६४च्या ‘हकीकत’मध्ये त्यांना गाण्याची संधी दिली, पुढे ‘मौसम’ आणि ‘घरौंदा’ने त्यांचा आवाज घरोघर पोहोचवला. २०२२ साली ते निवर्तले. गझलगायक म्हणून त्यांना आपण ओळखतो. परंतु ‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) मधील ‘दम मारो दम’ आणि ‘यादों की बारात’ (१९७३) मधील ‘चुरा लिया’ या गाण्यांतील गिटारही त्यांचीच. आशाबाईंचा आवाज येण्यापूर्वीच ही गाणी आपण ओळखतो. ती ओळख पटवून देणाऱ्याचे नाव मात्र किती जणांना सांगता येईल?

हे अज्ञान इतरांकडे असेल तर समजू शकते. आपल्या समाजात ते असावे, ही खेदाची गोष्ट आहे. पोर्तुगीज अमदानीतील गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत. ती विद्या घेऊन हे वादक मुंबईत आले आणि चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद त्यांनी उभा केला. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या असंख्य गाण्यांचे वाद्यसंयोजन केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील गाण्यात त्यांचे नाव गुंफून शिष्याने गुरुदक्षिणा दिली. ते गाणे आपल्या लग्नघरांत हमखास वाजते. त्यावर नाचणाऱ्यांना मात्र अँथनी गोन्साल्विस हे अमिताभने रंगवलेले विनोदी पात्र वाटते! या वादकांचा सविस्तर इतिहास २००८ साली ग्रंथरूपाने आला, तोही न्यूझीलंडमधील प्राध्यापक ग्रेगरी बूथ यांच्या लेखणीतून. आपल्या माणसांची दखल परक्याने घ्यावी लागली.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो: चाल संगीतकाराची, शब्द कवीचे, गळा गायकाचा; वादक तर दिलेले वाजवतो. मग गायक वेगळे काय करतो? त्यालाही चाल आणि शब्द दिलेलेच असतात. त्यात तो स्वतःचा प्राण ओततो म्हणून आपण त्याला कलावंत म्हणतो. तोच न्याय गिटारच्या तारा छेडणाऱ्या बोटांना का लावू नये? तबकड्यांच्या वेष्टनांवर बहुधा वादकांची नावे नसत. त्यांना त्या-त्या दिवसाच्या ध्वनिमुद्रणाचा मेहनताना मिळे आणि हिशेब संपे. तो अन्याय धंद्याने केला. आपण श्रोत्यांनी तो का चालू ठेवावा?

याची झळ आपल्या घरापर्यंत पोहोचते. आपल्या गायनस्पर्धांत बक्षीस गाणाऱ्याला मिळते, टाळ्याही त्यालाच. मागे उभे राहून तासभर साथ करणाऱ्या मुलाचे नाव सूत्रसंचालक घेईलच असे नाही. तोच मुलगा घरी सराव करू लागला की ‘अभ्यास सोडून काय टुणटुण लावली आहेस?’ असे आपण खेकसतो. पुढे वाद्य कोपऱ्यात धूळ खात पडले की ‘आजच्या मुलांना चिकाटी नाही’ म्हणायला आपण मोकळे.

वाचकहो, आपली आवड खुशाल जपा. तीवरून कडाकडा भांडाही. फक्त भांडताना गायकाच्या नावाबरोबर निदान एका वादकाचे नाव घेता येईल, एवढी तयारी ठेवा. आणि धर्मग्रामाच्या पुढच्या कार्यक्रमात साथीदारांची नावे आभाराच्या ओझरत्या वाक्यात न कोंबता, गायकाच्या नावाबरोबर, गाणे सुरू होण्यापूर्वी पुकारा. त्याला खर्च येत नाही.