घुमटाच्या इतिहासातील गाळलेले प्रकरण

घुमटाचा इतिहास सांगण्याची एक ठरीव रीत आहे. आरंभ रोमच्या पँथिऑनपासून, पुढे कॉन्स्टँटिनोपलचे हागिया सोफिया, मग फ्लॉरेन्सचे कॅथेड्रल. भारत या कथेत प्रवेश करतो तो तुर्की राजवटीबरोबर. त्यापूर्वीच्या भारतीयांना कमान ठाऊकच नव्हती, असे एक वाक्य लिहिले की प्रकरण संपते!

पँथिऑनची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. इसवी सन 125 च्या सुमाराचा, सुमारे 43 मीटर व्यासाचा तो काँक्रीटचा घुमट लोखंडी सळईविना आजही उभा आहे. हागिया सोफियाचा घुमट 558 मध्ये कोसळला आणि 562 पर्यंत पुन्हा उभा राहिला, हेही जिद्दीचेच उदाहरण होय. प्रश्न इतरांच्या गौरवाचा नाही. आपल्या विस्मरणाचा आहे.

बिहारमधील बराबर डोंगरात अशोकाच्या काळी खोदलेल्या सुदामा लेण्यात घुमटाकार छताचे वर्तुळाकार दालन आहे. कानपूरजवळच्या भीतरगावचे गुप्तकालीन विटांचे मंदिर खऱ्या कमानी दाखविते. तेव्हा अज्ञानाचा आरोप टिकत नाही. मंदिरांच्या स्थपतींनी वेगळी रीत निवडली. दगडाचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवायचा आणि वर्तुळे लहान करीत शिखराशी मिटवायची. भार मुख्यतः सरळ खाली उतरतो, भिंतींवर बाहेरचा रेटा फारसा येत नाही. म्हणूनच असे वितान सडपातळ खांबांवर तोलता येते. 1060 च्या अंबरनाथ शिवालयात आणि दिलवाड्याच्या तेराव्या शतकातील लूणवसहीत हे कौशल्य डोळ्यांनी पाहता येते. या रीतीने फार मोठा व्यास साधत नसे, ही तिची मर्यादाही प्रांजळपणे सांगितली पाहिजे.

मात्र विस्मरणाला अतिरेकी दावा हे उत्तर नव्हे. 1656 चा विजापूरचा गोलघुमट आदिलशाहीचा. त्याचे श्रेय तिकडेच जाते. तसेच घुमट दिसला की तो परका मानणे हेही अज्ञानच. शिवछत्रपतींच्या रायगडावर जगदीश्वराच्या मंदिरावर घुमट आहे. कवळ्याच्या शांतादुर्गेच्या मंदिरावरही आहे. आत्मविश्वास असलेला समाज बाहेरची विद्या स्वीकारतो आणि स्वतःची करतो.

ही परंपरा संपलेली नाही. मुंबईत गोराईला 2009 मध्ये खुल्या झालेल्या विपश्यना पॅगोडाचा दगडी घुमट सुमारे 85 मीटर व्यासाचा आहे आणि त्याखाली आधाराला एकही खांब नाही. पँथिऑनच्या जवळजवळ दुप्पट!

वास्तुशास्त्राच्या किती विद्यार्थ्यांनी अंबरनाथचे वितान मोजून कागदावर उतरविले आहे? पँथिऑनचा आराखडा त्यांनी जरूर गिरवावा. पण लोकल गाडीने गाठता येणारे आपले शिवालयही त्यांना पारखे राहू नये. गाळलेले प्रकरण घोषणांनी लिहिले जात नाही. ते मोजपट्टी हाती घेऊन, अभ्यासानेच लिहावे लागेल.