अमिताव घोष विखुरले नाहीत

संपादक महोदय,


आपल्या रविवार पुरवणीत अमिताव घोष यांच्यावर आलेल्या लेखाचा रोख असा, की ‘द शॅडो लाइन्स’ लिहिणारा कादंबरीकार पुढे इतिहास, प्रवास, हवामानबदल, पद्यकथा अशा वाटांनी फुटत गेला आणि शेवटी प्रचारक झाला. ज्ञानपीठ मिळालेले ते पहिले इंग्रजी लेखक. पण मान कादंबऱ्यांचा आणि निबंध म्हणजे जोडधंदा, असे आपण धरूनच चालतो. मला हे मान्य नाही.

अफूचेच घ्या. ‘सी ऑफ पॉपीज’ (२००८), ‘रिव्हर ऑफ स्मोक’ (२०११) आणि ‘फ्लड ऑफ फायर’ (२०१५) या तीन कादंबऱ्यांनंतर घोष यांनी २०२३मध्ये त्याच अफूवर ‘स्मोक अँड ॲशेस’ हे ललितेतर पुस्तक लिहिले. लेखात याला पुनरुक्ती म्हटले आहे. पहिल्या कादंबरीतली दीती गाझीपूरजवळ खसखस पिकवते, तिचा नवरा ईस्ट इंडिया कंपनीच्या अफू कारखान्यात कामाला आणि स्वतःच अफूच्या आहारी गेलेला. कारखान्यातला तो उग्र दर्प, हौदात कंबरभर अफूत उभी राहून ती तुडवणारी माणसे, हे कादंबरीनेच द्यावे. पण दीतीला माळवा कुठून माहीत असणार? गाझीपूर-बिहारच्या पट्ट्यात कंपनीची मक्तेदारी होती. शेतकऱ्याला आगाऊ रक्कम घ्यायला लावायची, भाव कंपनीने ठरवायचा, पीक तिलाच घालायचे. माळव्यातली अफू शिंदे-होळकरांच्या आणि इतर संस्थानांच्या मुलखात पिकत होती. तिथे कंपनीचा हुकूम चालेना. माल राजस्थानातून सिंधमार्गे कराचीला, नाहीतर पोर्तुगिजांच्या दमणला जाऊ लागला. अखेर १८३०च्या सुमारास कंपनीने नमते घेतले आणि परवान्याचे शुल्क आकारून ही अफू मुंबई बंदरातून जाऊ दिली. अमर फारुकी यांच्यासारख्या इतिहासकारांनी हे आधीच मांडले आहे. घोष त्यातून जो प्रश्न काढतात तो मात्र कुठल्याही पात्राच्या तोंडी शोभला नसता: एकाच पिकाने बिहारचा शेतकरी नागवला गेला आणि पश्चिम भारतातल्या व्यापाऱ्यांकडे भांडवल साठले, तर आजच्या बिहार आणि मुंबईतल्या अंतराची मुळे तिथवर जातात का?

मराठी वाचकाला तर हे झोंबायला हवे. शिंदे-होळकर म्हटले की आपल्याला दिल्लीच्या स्वाऱ्या आठवतात, अफू कधीच आठवत नाही. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या नावाचे रुग्णालय आणि कलाशाळा यांना आपण सहज ‘जेजे’ म्हणतो; त्या दानशूर माणसाच्या संपत्तीत चीनशी चाललेल्या अफूच्या व्यापाराचा मोठा वाटा होता, हे क्वचितच बोलतो. ‘रिव्हर ऑफ स्मोक’मधला बहराम मोदी असाच मुंबईचा पारशी व्यापारी. कँटनमध्ये अडकलेला, दुरावलेल्या मुलासाठी झुरणारा. कादंबरी आपल्याला त्याच्यावर माया करायला लावते. ‘स्मोक अँड ॲशेस’मध्ये ती सवलत नाही. मला दोन्ही हवे आहेत, आणि ते एकाच लेखकाने लिहिलेले हवे आहेत, कारण माया आणि जमाखर्च यांचा झगडा तेव्हाच दिसतो.

मानववंशशास्त्र शिकलेल्या माणसाने दहा प्रकारचे लिहावे याचे मराठी माणसाला तरी नवल वाटू नये. इरावती कर्वे यांनी नातेसंस्थेचा शास्त्रीय अभ्यास केला, ‘परिपूर्ती’तले ललित लेख लिहिले आणि ‘युगान्त’ही लिहिले, त्यांना आपण भरकटलेल्या म्हणत नाही. घोष यांची ऑक्सफर्डची डॉक्टरेट याच विषयातली, इजिप्तमधल्या खेड्यात राहून केलेली. पण बाराव्या शतकात मंगळूरला स्थायिक झालेला ज्यू व्यापारी बेन यिजू आणि त्याचा गुलाम बोम्मा हे कैरोच्या जुन्या पत्रांतून भेटले, ते प्रबंधात मावण्याजोगे नव्हते. गुलामाचा उल्लेख कागदांत ओझरता. कादंबरी केली असती तर त्याच्या तोंडी हवे ते घालता आले असते. तो मोह टाळून घोष यांनी ‘इन ॲन अँटिक लँड’मध्ये (१९९२) शोधाचीच गोष्ट सांगितली, आणि जिथे पुरावा संपतो तिथे पुरावा संपला हे वाचकाला कळू दिले.

लेखातला एक मुद्दा मात्र बिनतोड आहे, ‘गन आयलंड’चा. गंभीर कादंबरीने असंभाव्य घटनांना उंबऱ्याबाहेर ठेवले, म्हणून तिला हवामानाचे संकट पेलत नाही, असे घोष यांनी ‘द ग्रेट डिरेंजमेंट’मध्ये (२०१६) म्हटले. तीन वर्षांनी आलेली ‘गन आयलंड’ हे त्यांनीच स्वतःच्या आक्षेपाला दिलेले उत्तर. तिच्यात योगायोग इतके, आणि ते उलगडून सांगणारी पात्रे इतकी, की वादळाचा धसका बसायच्या ऐवजी व्याख्यानाला बसल्यासारखे वाटते. सुंदरबनवरचीच ‘द हंग्री टाइड’ (२००४) किती वेगळी! मरिचझाँपी बेटावरून १९७९मध्ये निर्वासितांना बळाने हुसकले गेले, ती हकिकत आणि वाघ राखायचा की माणूस हा पेच तिथे कथेच्या अंगाने येतो. पण निबंधाच्या दावणीला बांधलेली एक कादंबरी फसली, म्हणून निबंधच लिहायला नको होता, हा कुठला न्याय?

राहिला ‘प्रचारक’ हा शिक्का. मुंबईवर चक्रीवादळ थेट आदळले तर काय होईल, असे घोष यांनी ‘द ग्रेट डिरेंजमेंट’मध्येच विचारले, आणि २६ जुलै २००५ची आठवण दिली. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. मुंबई थोडक्यात वाचली, श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी ‘तौक्ते’ आले. घोष यांना भविष्यवेत्ते ठरवायची गरज नाही. समुद्रात भराव टाकून वाढलेल्या शहराला कुणीतरी हे विचारायलाच हवे होते, आणि ते काम खरे तर आपल्या नगरनियोजनकारांचे होते.

एक विनंती. ‘स्मोक अँड ॲशेस’चे परीक्षण पुरवणीत स्वतंत्रपणे यावे. ते कादंबरीच्या समीक्षकाकडे न देता शिंदे-होळकरांच्या दप्तरातली मोडी कागदपत्रे वाचणाऱ्या एखाद्या अभ्यासकाकडून लिहून घ्यावे. माळव्याच्या अफूबद्दल घोष यांनी कुठे अतिव्याप्त विधान केले असेल, तर ते अशाच अभ्यासकाच्या नजरेला पडेल.

आपला,
एक वाचक, गिरगाव, मुंबई