डॉक्टरांच्या चिठ्ठीवर समुपदेशनही लिहा

नैराश्याच्या रुग्णाला गोळीइतक्याच हक्काने, त्याच केसपेपरवर, त्याच्याच गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, विनामूल्य, बिनगोळीचा उपचारही मिळाला पाहिजे. या एका मागणीसाठी आम्ही एकत्र आलो आहोत. आमच्यात नैराश्यातून बाहेर आलेली माणसे आहेत, अजून त्यातच असलेली आहेत, घरातला असा माणूस वर्षानुवर्षे सांभाळलेल्या बायका आहेत, समुपदेशक आहेत, आशाताई आहेत आणि काही मानसोपचारतज्ज्ञही आहेत. चळवळीला अजून नाव नाही. नावावरून वाद घालण्यापेक्षा आधी मागणी कागदावर आणू, असे ठरले.

आज काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. मन मेलेला माणूस आरोग्य केंद्रात मनाची तक्रार घेऊन जात नाही. अंग दुखते, झोप लागत नाही, जेवण जात नाही, डोके गच्च झाले आहे, असे तो सांगतो. मागे रांग उभी असते. डॉक्टर बी-कॉम्प्लेक्स लिहितात, वेदनाशामक देतात, फारच आग्रह धरला तर सलाईन लावतात. एखाद्या डॉक्टरच्या लक्षात आलेच, तर जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. म्हणजे एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी आणि वर गावात कुजबुज, की याला आता येरवड्याला न्यावे लागणार. मनोरुग्णालय म्हटले की विदर्भात नागपूरचे नाव घेतात, कोकणात रत्नागिरीचे, मुंबईकडे ठाण्याचे; भीती तीच. बंगळूरच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसले, की देशातल्या साधारण वीसपैकी एका प्रौढाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येते आणि ते आलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण आमच्या व्यासपीठावर चढायला टपलेले लोक आम्हाला माहीत आहेत. आम्ही औषधांच्या विरोधात नाही. आमच्यातल्या कित्येकांचा जीव गोळ्यांनी वाचला आहे. नैराश्य तीव्र असेल, भास होत असतील, अति उत्साह आणि अति खिन्नता यांच्या फेऱ्या येत असतील, तर औषधाला पर्याय शोधत बसू नये. चालू गोळी डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करणे धोक्याचे आहे. ‘गोळ्या फेकून द्या आणि आमच्या शिबिराला या’ म्हणणारा कोणीही, मग तो भगव्या कपड्यात असो की पांढऱ्या कोटात, आमचा सोबती नाही.

आमची तक्रार आहे ती दारावरच्या ‘गोळी’ या एकमेव पाटीबद्दल. ब्रिटनच्या आरोग्यसेवेसाठी उपचारांचे दंडक ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ मध्ये सांगितले, की सौम्य नैराश्यात, रुग्णाचीच तशी इच्छा नसेल तर, सुरुवात गोळीने करू नये. आपल्याकडे सौम्य असो वा मध्यम, गोळी मिळाली तर नशीब आणि दुसरे काही मागायची सोयच नाही.

हे श्रीमंत देशांचे लाड आहेत, असे कोणी म्हणेल. त्याने गोव्याला जावे.

गोव्यातल्या ‘संगथ’ या संस्थेने, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ प्रौढ रुग्णांवर एक चाचणी केली. सगळ्यांचे नैराश्य मध्यमाहून तीव्र होते. निम्म्या रुग्णांना डॉक्टरांची नेहमीची सेवा थोडी सुधारून दिली. उरलेल्यांना तीच सेवा आणि शिवाय सहा ते आठ बैठकी, प्रत्येकी तीस-चाळीस मिनिटांच्या, आरोग्य केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी. बैठकी घेणारे ना डॉक्टर होते ना मानसशास्त्राचे पदवीधर. ती त्याच मुलखातली, तिथली भाषा बोलणारी, या कामासाठी तयार केलेली माणसे होती. तीन महिन्यांनी नुसत्या नेहमीच्या सेवेत शंभरातले ३९ जण नैराश्याच्या रेषेखाली आले होते. बैठकी मिळालेल्यांत ६४. निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. वर्षभराने पाहिले तेव्हाही बैठकीवाले पुढेच होते. शंभरातले छत्तीस सुटले नाहीत, हेही आम्ही लपवणार नाही. त्यांच्यासाठी पुढची पायरी लागते आणि गोळी, तज्ज्ञ, रुग्णालय हे सगळे त्या पायरीवर हवेच.

त्या बैठकींत होते काय? नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. पारावर बसणे सोडतो, बाजाराला जाणे सोडतो, फोन उचलत नाही. बाई भिशीला जायची थांबते, भजनी मंडळाला काहीतरी कारण सांगते, मग केस विंचरायचाही कंटाळा येतो. सोडल्यामुळे त्या क्षणी सुटल्यासारखे वाटते, पण ज्या गोष्टींतून दिवसाला थोडीफार चव येते त्याच निघून गेलेल्या असतात. म्हणून मन आणखी खचते आणि आणखी गोष्टी सुटतात. हे चक्र उलटे फिरवायचे. मन सुधारले की उठू, असे थांबायचे नाही. उठायचे, आणि मन मागून येते का ते पाहायचे.

समुपदेशक आधी ऐकते. मग रुग्णाकडून आठवड्याची नोंद करवते: सकाळी काय केले, दुपारी काय, तेव्हा कसे वाटत होते. त्या नोंदीतून माणसाला स्वतःलाच दिसते, की दुपारी अंथरुणात पडून राहिल्यावर जीव जास्त घाबरतो आणि शेळीला पाला घालायला गेल्यावर घटकाभर बरे वाटते. मग पुढच्या आठवड्यासाठी अगदी छोटे काम ठरते, वार आणि वेळेसकट: बुधवारी संध्याकाळी बहिणीला फोन. झाले का? नाही झाले, तर आड काय आले? दर वेळी नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून गुण काढतात, ० ते २७. ताप उतरतो की नाही हे जसे थर्मामीटर सांगते, तसे हे गुण सांगतात. उतरले नाहीत तर डॉक्टरकडे परत.

‘जरा फिरून ये’, ‘मन रमव’, ‘देवाचे नाव घे’, ‘तुला काय कमी आहे?’ हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना आम्ही काय म्हणतो ते कळेल. उपदेश आणि उपचार, दोन्हीकडे शब्दच असतात. पण उपदेश करणारा बोलून मोकळा होतो आणि ते जमले नाही तर दोष रुग्णाच्या माथी मारतो. उपचाराला मात्रा असते, मुदत असते, मोजमाप असते आणि तो लागू पडला नाही तर जबाब देणारा कोणीतरी असतो. गोव्यात समुपदेशक रुग्णाच्या संमतीने बैठकी ध्वनिमुद्रित करत आणि मग एकत्र बसून एकमेकांचे काम ऐकून गुण देत. आपल्या किती खासगी दवाखान्यांत असे होते, हे विचारायला हरकत नाही.

महाराष्ट्रात हे झालेच नाही असेही नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प चालला. गावातलेच कार्यकर्ते, आरोग्य केंद्राचे डॉक्टर आणि अधूनमधून येणारे तज्ज्ञ अशी त्याची तीन अंगे होती. प्रकल्पाआधी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक कुठल्या तरी सेवेपर्यंत पोचत होते, दीड वर्षाने २७.२ टक्के. नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ या प्रयोगाने गावातल्या जाणत्या माणसांना असे समुपदेशन शिकवले, पुढे तो प्रयोग गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात मोठा झाला. हिंमत दिली की शहाणपण गावात असतेच, हे झिंबाब्वेतही दिसले: हरारेच्या दवाखान्यांबाहेर लाकडी बाकावर बसून आज्याच उपचार देतात. विचारांशी झुंजायची पद्धतही आपल्याला परकी नाही. अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी कधीच मराठीत आणली आहे. एवढे सगळे हाताशी असताना ते प्रकल्पांपुरते राहिले. प्रकल्पाचा पैसा संपतो, अहवाल छापला जातो, गावातली ताई पुन्हा शिवणयंत्रावर बसते.

यंत्रांबद्दलही बोलले पाहिजे, कारण नवे उपचार म्हटले की हल्ली आधी त्यांचीच जाहिरात दिसते. आरटीएमएस या पद्धतीत डोक्याच्या डाव्या पुढच्या बाजूला वेटोळे धरतात आणि चुंबकीय स्पंदनांनी मेंदूचा तो भाग उत्तेजित करतात. भूल लागत नाही, रुग्ण जागा असतो. डोके दुखू शकते, क्वचित झटका येऊ शकतो. गोळ्यांनी न हटलेल्या नैराश्यावर अमेरिकेत त्याला २००८ मध्ये परवानगी मिळाली. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे, असा हा उपचार आहे. खेड्यातल्या माणसाने महिनाभर रोज पुण्याला यायचे कसे, आणि भरायचे किती? पण २०१८ मध्ये कॅनडातल्या एका चाचणीत साडेसदतीस मिनिटांच्या बैठकीइतकाच गुण तीन मिनिटांच्या बैठकीने आला. एका यंत्रावर दिवसाला कितीतरी जास्त रुग्ण घेता येतील, म्हणजेच हे यंत्र सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात परवडू शकेल, असा आम्ही त्याचा अर्थ लावतो. आणि सगळ्याच मनोविकारांवर रामबाण म्हणून ते विकणाऱ्या दवाखान्यांवर लगाम हवा.

शॉक हा शब्द ऐकून अजून लोक दचकतात. १९३८ मध्ये रोममध्ये सुरू झालेला तो उपचार आता भूल देऊन आणि स्नायू सैल करूनच करता येतो. या दोन्हींविना तो देण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदी आहे. काही काळ विस्मरण होते, हे खरे. पण अन्नपाणी सोडलेल्या, मरणाच्या दारात गेलेल्या माणसाला त्याने परत आणलेले आमच्यातल्या काहींनी घरातच पाहिले आहे. सिनेमाने केलेली त्याची बदनामी आम्ही पुढे चालवणार नाही.

व्यायामाचे पुरावेही आता जड झाले आहेत. २०२४ मध्ये ‘बीएमजे’ने २१८ चाचण्यांचा एकत्र आढावा छापला, त्यात चालणे-पळणे, वजने उचलणे आणि योग यांचा नैराश्यावर गुण दिसला; मात्र त्यातल्या बऱ्याच चाचण्या कच्च्या होत्या, हेही तिथेच लिहिले आहे. योगाचा आम्हाला अभिमान आहे म्हणूनच त्याचेही गुण त्याच प्रश्नावलीने मोजा. (उत्तरेकडच्या अंधाऱ्या हिवाळ्यातल्या नैराश्यासाठी बनलेले दहा हजार लक्सचे दिवे आता आपल्याकडेही विकायला आहेत. सकाळी अंगणात त्याहून जास्त उजेड फुकट असतो. अडचण एवढीच, की नैराश्यातल्या माणसाला अंगणापर्यंत कोणी न्यायचे.)

आता सरकारला एक गोष्ट ठणकावून सांगतो. समुपदेशनाने कर्ज फिटत नाही, कापसाला भाव येत नाही, दारुड्या नवऱ्याचा हात थांबत नाही. भाव मागणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात समुपदेशकाचा फोन नंबर ठेवून कोणी मोकळे होऊ पाहत असेल, तर आम्ही शेतकऱ्याच्या बाजूने उभे राहू. पण कर्जाखाली दबलेल्या माणसाचे मनही आजारी पडले असेल, तर कर्जमाफीपर्यंत थांब, असेही त्याला सांगता येत नाही.

म्हणून मागतो ते असे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात समुपदेशकाचे एक पगारी, कायम पद. हिशेब सोपा आहे: दिवसाला पाच बैठकी, आठवड्याचे पाच दिवस, वर्षाचे पंचेचाळीस आठवडे धरले तर एक माणूस दीडशेच्या वर रुग्णांचा उपचार तडीला नेतो. हे काम आशाताईंच्या डोक्यावर फुकट टाकायचे नाही. विदर्भ-मराठवाड्यात ‘प्रेरणा प्रकल्पा’त प्रश्नावल्या घेऊन त्याच घरोघर फिरल्या, आणखी काम हवे असेल तर आणखी मोबदला द्या. बैठकीसाठी दार लागणारी खोली हवी, कारण सासू शेजारी बसलेली असताना कोणती सून बोलेल? भाषा रुग्णाची हवी. मेळघाटात ती कोरकू आहे, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया. प्रत्येक समुपदेशकामागे महिन्यातून एकदा तरी त्याचे काम ऐकणारा अनुभवी माणूस हवा, नाहीतर वर्षभरात उपचाराचा पुन्हा उपदेश होतो. विमा कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराइतकेच संरक्षण द्यावे, असे २०१७ चाच कायदा सांगतो. तेव्हा भरती न होता घेतलेल्या बैठकींचा खर्चही त्यात धरा.

आजच कोणाला असह्य होत असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर या सगळ्याची वाट पाहू नका. १४४१६ हा ‘टेली मानस’चा क्रमांक विनामूल्य आहे, कधीही लावा, मराठीत बोला.

आमचे पहिले काम २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आहे. त्याआधी प्रत्येक जिल्ह्यात माहितीच्या अधिकारात अर्ज जातील: जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातली मंजूर पदे किती, भरलेली किती. ग्रामसभेत मांडायच्या ठरावाचा मसुदा असा आहे, आपापल्या गावाचे नाव घालून तो वाचावा: “आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नैराश्याच्या रुग्णासाठी समुपदेशकाचे पद मंजूर करून ते सहा महिन्यांच्या आत भरावे, बैठकीसाठी स्वतंत्र खोली द्यावी, आणि दर तीन महिन्यांनी किती रुग्ण आले, किती बरे झाले व किती मध्येच सोडून गेले, याचे आकडे, कोणाचेही नाव न घेता, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत.”