होमपेजवर ढकलून द्या म्हणे!

मध्यंतरी एका क्लायंटची वेबसाइट नव्या डोमेनवर हलवली. जुन्या पत्त्यांचं काय करायचं, असं मी मीटिंगमध्ये विचारलं. उत्तर तयारच होतं, "सगळे होमपेजवर ढकलून द्या."

ढकलले. सोमवारी क्लायंटच्या कस्टमर केअरचे फोन सुरू. हा क्लायंट पाण्याच्या मोटारी बनवतो. प्रत्येक मोटारीच्या स्टार्टरवर स्टिकर असतं, त्यावर मॅन्युअलचा पत्ता छापलेला. ती मोटार कुठल्यातरी शेतात विहिरीवर बसलीय आणि बिघडल्यावर माणूस तो पत्ता उघडतो. आता त्याला वायरिंगच्या आकृतीऐवजी हसऱ्या कुटुंबाचा फोटो दिसतो. त्यापेक्षा ४०४ बरं हो! निदान पान नाही हे तरी खरं सांगतं. गूगलसुद्धा असल्या रिडायरेक्टला बऱ्याचदा 'सॉफ्ट ४०४' म्हणून बाजूला टाकतं.

मग दुसरी टोळी आली. "रिडायरेक्ट सर्व्हिस लिहू." म्हणजे जावा, डेटाबेस, अ‍ॅडमिन स्क्रीन, तीन आठवडे. कशासाठी? तर "जोशी आता इथे राहत नाहीत, कोथरूडला गेले" एवढं सांगायला. आमच्या सोसायटीचा वॉचमन हे काम एका वहीत करतो!

शेवटी शनिवारी मीच बसलो. सगळ्यात लहान मशीन घेतलं, त्यावर एनजिनेक्स टाकलं. (लाइटटीपीडीनेही भागलं असतं.) सर्व्हर लॉगमधून लोक खरंच उघडतात ते पत्ते काढले आणि 'मॅप'च्या फाइलमध्ये एका ओळीत डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे नवा, असे लिहिले. उरलेल्यांसाठी चार रेजेक्स. आधी नेमका जुळणारा पत्ता बघितला जातो, मग रेजेक्स वरून खाली, त्यामुळे गोंधळ नाही. कशातच न बसणाऱ्याला सरळ ४०४. जुनं डोमेन त्या मशीनकडे वळवलं, संपलं. ही फाइल कस्टमर केअरच्या बाईही वाचू शकतात. त्यांनी दोन चुका काढून दिल्यासुद्धा. जावाच्या कोडमधून त्या काढल्या असत्या का?

एक मात्र सांभाळा. पहिल्या दिवशी ३०१ देऊ नका. ३०१ म्हणजे कायमचं, ब्राउझर ते लक्षात ठेवतो, आणि चुकीचा नियम तुम्ही सुधारलात तरी त्याच्या कॅशमध्ये जुनाच बसलेला असू शकतो. आधी ३०२ वर चालवा, लॉग बघा, मग ३०१ करा. मी हे एकदा उलटं करून शिव्या खाल्ल्यात. असो.

वेबपत्ते बदलू नयेत हे टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावलं होतं. आपण मात्र दर दोन वर्षांनी रिडिझाइन करतो, नव्या मेनूच्या रंगावर चार मीटिंगा घेतो आणि जुन्या पत्त्यांना पाच मिनिटं देत नाही. वेळ नाही, हे कारण मला पटत नाही मंडळी. माझा एक शनिवार गेला, तोही जेवून झोप काढून. खरं कारण हे की मोडलेली लिंक आपल्याला दिसतच नाही. ती शेतातल्या माणसाला दिसते, आणि तो काही आपल्या मीटिंगला येत नाही.

आता मॅनेजर विचारतोय, हे मशीन किती महिने ठेवायचं? मी म्हटलं, मोटारी किती वर्षं चालतात ते क्लायंटला विचारा. अजून कोणी विचारलेलं नाही.