पोपटीचा पत्ता काय?

आमच्या पोपटीकडे लायसन्स आहे. माझ्याकडे अजून टू-व्हीलरचंही नाही! हसू नका. पुणे महापालिकेने नोव्हेंबर २०२२ मध्ये घरातल्या मांजरांची नोंदणी सक्तीची केली. वर्षाला ५० रुपये फी आणि रेबीजच्या लशीचं सर्टिफिकेट. कुत्र्यांना हे आधीपासून होतंच, पण मांजरवाल्यांनी नाकं मुरडली. मीही मुरडलं.

पोपटी मूळची पालीची. बल्लाळेश्वराच्या देवळाजवळच्या गल्लीत आत्याचं घर आहे, तिथून दोन वर्षांपूर्वी बुटाच्या खोक्यातून ती पुण्याला आली. (थंडीत मडक्यात वालाच्या शेंगा लावतात, ती पोपटी. ही बया त्या रिकाम्या मडक्यात झोपलेली सापडली होती.)

सगळं मजेत चाललं होतं. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये हडपसरच्या एका फ्लॅटमध्ये ३०० हून जास्त मांजरं असल्याची बातमी आली. शेजाऱ्यांनी तक्रार केली, महापालिकेने मांजरं हलवायची नोटीस काढली. तेव्हापासून आमच्या सोसायटीतल्या काकालोकांना माझ्या एका मांजरात ३०० दिसायला लागली. मागच्या महिन्यात बोर्डावर कागद लागला : पाळीव प्राणी ३० दिवसांत हलवावेत. एक काका तर लिफ्टमध्ये म्हणाले, "द्या की नदीकाठी सोडून."

सोडून द्या? प्राणी उपाशी मरेल असा टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या खेपेला दंड १० ते ५० रुपये. म्हणजे मांजर पाळायचे वर्षाला ५० आणि टाकायचे जास्तीत जास्त ५०. एकदाच!

शेवटी मैत्रिणीची गाडी घेऊन वीकेण्डला पाली गाठली. म्हटलं, आत्याकडे ठेवू, टेन्शन खल्लास.

"लायसन्स? मांजराला?" आत्या हसून हसून खालीच बसली. पालीत ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली, पण आत्याच्या गल्लीचा मांजरांबाबतचा कायदा जुनाच. मांजर कुणाचंच नसतं! ओसरीवरचा बोका सकाळी आत्याकडे दूधभात खातो, दुपारी मासेवालीच्या मागे जातो, रात्री कुठे असतो ते कुणी विचारत नाही. तीन घरांत त्याची तीन नावं. काय लाइफ आहे यार, असं मला वाटलंही.

मग चहा गाळता गाळता आत्या म्हणाली, "याच्या आधीचा होता ना, तो गाडीखाली गेला. आठ दिवस कळलंच नाही गं. आम्हाला वाटलं पलीकडे असेल, त्यांना वाटलं आमच्याकडे."

रविवारी संध्याकाळी पोपटीची टोपली परत गाडीत. आत्या रागावली नाही, उलट वालाच्या शेंगा बांधून दिल्या. मैत्रीण गाडी चालवत होती, पोपटी खोपोलीपर्यंत बोंबलत होती आणि मी फोनवर भारतीय प्राणी कल्याण मंडळाचं २०१५ चं पत्रक वाचत होते. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. केरळ उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये असल्या बंद्या बेकायदा ठरवल्या. घरमालकाचं काय? आमच्या भाडेकरारात मांजराबद्दल अवाक्षर नाही. तीनदा वाचलाय.

येत्या रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. पत्रकाच्या पाच झेरॉक्स काढल्यात, पोपटीच्या लायसन्सचीही एक. त्यावर माझं नाव आहे. सध्या ती त्याच गठ्ठ्यावर झोपलीय, त्यामुळे स्टेपल करायच्या राहिल्यात.