विश्लेषण : पनवेलमध्ये रुग्ण एक, यंत्रणा तीन, आरोग्यसेवेची सांगड कशी घालणार?

पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी अस्तित्वात आली. रायगड जिल्ह्यातील या पहिल्या महापालिकेत जुन्या नगरपालिकेसह खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या सिडको वसाहती आणि २९ गावे आली. हद्द बदलली, पण सरकारी आरोग्यसेवा विभागलेलीच आहे.

कोणाकडे काय?

नागरी आरोग्य केंद्रे महापालिकेची, तालुक्यातील ग्रामीण प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेची, तर पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे.

निकष काय सांगतात?

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानानुसार साधारण ५० हजार लोकसंख्येमागे एक केंद्र अपेक्षित आहे. ग्रामीण भागात हे प्रमाण ३० हजारांमागे, तर आदिवासी व डोंगराळ भागात २० हजारांमागे एक असे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ५ लाख १० हजार होती. म्हणजे तेव्हाच्याच आकड्यावर किमान १० केंद्रे हवीत. त्यानंतर शहर बरेच वाढले आहे.

घोडे कुठे अडते?

रायगडमधील अनेक कातकरी कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर जातात. गावच्या आशा सेविकेकडे नोंद असलेली गरोदर महिला दुसऱ्या हद्दीत गेली आणि तिची नोंद मागेच राहिली, तर तपासण्या चुकतात, बाळाच्या लसी राहतात. रक्तदाबाच्या रुग्णाचेही तेच. उपजिल्हा रुग्णालयात सुरू झालेली गोळी घराजवळच्या केंद्रात मिळाली नाही, तर उपचार मध्येच सुटतात.

उपाय काय?

‘आभा’ हा १४ अंकी आरोग्य खाते क्रमांक नोंदी जोडू शकतो. मात्र क्रमांक कुणाच्या घरी जात नाही. ब्राझीलने १९९४ पासून ठरावीक कुटुंबांची जबाबदारी एकाच पथकावर सोपवली. त्यात डॉक्टर, परिचारिका आणि घरोघरी फिरणारे आरोग्य कार्यकर्ते असतात. आपल्याकडे आशा सेविका आहेत, केंद्रेही आहेत. कमी आहे ती त्यांना बांधणाऱ्या दुव्याची.

त्यासाठी तिन्ही यंत्रणांची औषधयादी एक हवी, रुग्ण वर पाठवल्यानंतर त्याची माहिती खालच्या केंद्राला परत मिळायला हवी आणि स्थलांतरितांची यादी हंगामाआधीच पुढच्या केंद्राकडे जायला हवी. नव्या इमारतींचे उद्घाटन होते, या कामांचे होत नाही. म्हणूनच ती मागे पडतात. हद्द प्रशासनाची सोय आहे. तिची किंमत रुग्णाने का मोजावी?