चर्चची शाळा नेमकी कोण चालवतं? पालकांचं तिथं किती चालतं?

अकोला-वाशिम महामार्गावरचं मेडशी हे वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं गाव. इथं काय किंवा वऱ्हाडातल्या दुसऱ्या कोणत्याही गावात काय, "पोरगं कॉन्व्हेंटला आहे" हे वाक्य रोज कानावर पडतं. पण आपल्याकडे 'कॉन्व्हेंट' म्हणजे सरसकट कोणतीही इंग्रजी शाळा. नावात कॉन्व्हेंट असलेल्या कितीतरी शाळांचा चर्चशी काडीचाही संबंध नसतो.

हा फरक नुसता नावापुरता नाही. शाळा खरोखर चर्चशी संलग्न आणि अल्पसंख्याक दर्जाची असेल, तर तिच्या कारभाराचे नियम बदलतात.

निर्णय कोण घेतं?

शाळेत आपल्याला भेटतात त्या मुख्याध्यापिका. फी, नेमणुका, इमारत याबाबतचे मोठे निर्णय मात्र त्यांच्या वर असलेलं मंडळ घेतं. त्याला कुठे नियामक मंडळ म्हणतात, तर कुठे व्यवस्थापन समिती.

कॅथलिक शाळा दोन प्रकारच्या असतात. काही थेट धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या. वाशिम जिल्हा १९५५ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात येतो. दुसऱ्या प्रकारच्या शाळा सिस्टर किंवा फादर यांच्या एखाद्या संघाच्या असतात. तिथं रोजचा कारभार संघ बघतो, पण धार्मिक शिक्षणावर देखरेख बिशपचीच असते. प्रॉटेस्टंट पंथांच्या शाळा त्या त्या चर्चच्या मंडळांकडे असतात.

कायद्याच्या नजरेत मात्र या सगळ्या संस्था म्हणजे नोंदणीकृत ट्रस्ट किंवा सोसायटी. ट्रस्टची नोंद धर्मादाय आयुक्त कार्यालयात असते. विश्वस्त बदलले, तर ९० दिवसांत तिथं बदल अर्ज द्यावा लागतो. त्यामुळे 'शाळा कोणाची?' याचं उत्तर कागदावर सापडतं.

सरकार मंडळावर आपला माणूस नेमू शकतं का?

याचं उत्तर राज्यघटनेच्या कलम ३०(१) मध्ये आहे. धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क या कलमाने दिला आहे.

अहमदाबादचं सेंट झेवियर्स कॉलेज जेझुइट संघाचं. गुजरातच्या विद्यापीठ कायद्यातील दुरुस्तीनुसार कॉलेजच्या नियामक मंडळावर कुलगुरूंचा प्रतिनिधी आणि शिक्षक, कर्मचारी, विद्यार्थी यांचेही प्रतिनिधी घेणं सक्तीचं झालं होतं. कॉलेज सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७४ मध्ये ९ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ही सक्ती अल्पसंख्याक संस्थांना लागू होणार नाही, असा निकाल दिला. कारभाराचा हक्क म्हणजे कारभारी निवडण्याचा हक्क, हा त्यामागचा विचार.

महाराष्ट्राच्या १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्यातही ही मोकळीक आहे. अल्पसंख्याक शाळेला मुख्याध्यापक आणि आणखी जास्तीत जास्त तीन जण आपल्या पसंतीने नेमता येतात. त्यांची नावं मात्र शिक्षण संचालकांना कळवावी लागतात.

मग पालक कुठे?

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला हव्यात. जिल्हा परिषदेच्या शाळेत मेडशीच्या पालकाला हे स्थान मिळतं.

विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलम लागू नाही, मग त्या चर्चच्या असोत वा नसोत. शिवाय २०१४ च्या 'प्रमती' निकालात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने अल्पसंख्याक शाळांना, अगदी अनुदानित असल्या तरी, संपूर्ण शिक्षण हक्क कायद्यातून वगळलं. त्यामुळे गरीब आणि वंचित मुलांसाठीचे २५ टक्के राखीव प्रवेशही तिथं सक्तीचे नाहीत. गावाजवळची चांगली इंग्रजी शाळा अल्पसंख्याक असेल, तर शेतमजुराच्या मुलाला कायद्याच्या जोरावर तिथं जागा मागता येत नाही. खरा पेच इथंच आहे.

आता चर्चा का?

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकांच्या टीईटीबाबत निकाल दिला. तो राज्यभर गाजला तो शिक्षकांच्या नोकऱ्यांमुळे. त्याच निकालात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने 'प्रमती'तली सरसकट सूट योग्य होती का, अशी शंका घेतली आणि मोठ्या पीठाचा विचार व्हावा म्हणून प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवलं. मोठं पीठ वेगळा निर्णय देत नाही, तोवर 'प्रमती'च लागू राहतो.

चर्चच्या संस्थांचं म्हणणं असं की, आज प्रवेशांत हात घातला तर उद्या कारभारातही घालतील. दुसरी बाजू विचारते, हक्क संस्थेची ओळख जपण्यासाठी आहे की गरीब मुलांपासून अंतर राखण्यासाठी? दोन्ही प्रश्न खरे आहेत.

सूट म्हणजे मोकळं रान नाही

२००२ च्या टी. एम. ए. पै खटल्यात ११ न्यायमूर्तींच्या पीठाने स्वायत्तता मान्य केली, पण नफेखोरीला परवानगी दिली नाही. शैक्षणिक दर्जा, सुरक्षितता आणि आरोग्य यांचे नियमही सगळ्यांना सारखेच. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर पोक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवावीच लागते. ती 'संस्थेची अंतर्गत बाब' ठरत नाही.

पालकांनी म्हणून तीन गोष्टी आधी विचाराव्यात. शाळेकडे अल्पसंख्याक दर्जाचं प्रमाणपत्र आहे का? शाळा कोणत्या ट्रस्टची किंवा सोसायटीची आहे? आणि पालक-शिक्षक संघ स्थापन झाला आहे का? राज्याच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यात फीच्या प्रस्तावावर या संघाच्या कार्यकारी समितीला मत आहे. तिथले पालक इच्छुकांमधून चिठ्ठी काढून निवडले जातात.

नियामक मंडळावर पालकाला खुर्ची मिळेलच असं नाही. पण ही चिठ्ठी टाकायला कोणी अडवत नाही. नाव द्यायला मात्र आपणच जावं लागतं.